इंजिन-गिअरबॉक्स बदललेल्या ट्रकची क्लच प्लेट वारंवार का जाते?

तक्रार थोड्याफार फरकाने सारखीच असते. जुना ट्रक, मूळ इंजिन थकलेलं, म्हणून दुसऱ्या गाडीचं जास्त ताकदीचं इंजिन बसवलं. त्या इंजिनाला मूळ गिअरबॉक्स पुरणार नाही म्हणून तोही बदलला. गाडी सुरू झाली, चढावर पूर्वी रडायची ती आता सरळ निघते, मालक खूश. थोड्याच दिवसांत क्लच प्लेटचा हब, म्हणजे शाफ्टवर बसणारा मधला भाग, सुटतो. नवी प्लेट टाकली तर तीही जाते. मग क्लच दाबला की पायलट बेअरिंग ओरडायला लागतं, आणि शेवटी टॉप गिअर, ॲक्सिलरेटर सोडला की, आपोआप उडून न्यूट्रलला येतो.

इथवर येईपर्यंत प्लेटची कंपनी बदललेली असते, प्रेशर प्लेट बदललेली असते, आणि ड्रायव्हरला 'तू क्लचवर पाय ठेवून चालवतोस' हेही ऐकवून झालेलं असतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. प्लेट जाणं, पायलट बेअरिंग जाणं आणि टॉप गिअर उडणं या तिन्ही गोष्टी एकाच गाडीत दिसल्या तर माझा संशय सगळ्यात आधी बेल हाउसिंगवर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचावर, जातो. क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या क्लच शाफ्टचा मध्य एका रेषेत नसतात. प्लेट बिचारी त्याची शिक्षा भोगते.

क्लच शाफ्टचं पुढचं टोक फ्लायव्हीलमधल्या पायलट बेअरिंगमध्ये असतं आणि मागचा भाग गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगमध्ये. दोन्ही बेअरिंगचे मध्य जुळत नसतील तर शाफ्टला दर फेऱ्याला थोडं वाकावं लागतं. प्लेट फ्लायव्हीलला घट्ट चिकटलेली असते, ती सरकू शकत नाही, म्हणून तिचा हब शाफ्टच्या स्प्लाइनवर (लांबीला कापलेल्या खाचांवर) दर फेऱ्याला घासत राहतो. २००० आरपीएमला हे तासाभरात १ लाख २० हजार वेळा होतं. प्लेट जास्त लोडमुळे तुटत नाही, थकून तुटते. म्हणून महागाची, जाड हबची प्लेट टाकली तर फक्त चार दिवस जास्त जातात.

कारखान्यातून आलेल्या गाडीत हा प्रश्न सहसा नसतो, कारण तिथे हाउसिंग आणि ब्लॉक डॉवेल पिननी, म्हणजे जागा पक्की करणाऱ्या खुंट्यांनी, जुळवलेले असतात. आपण मात्र इंजिन एका गाडीचं, हाउसिंग दुसऱ्या गाडीचं, गिअरबॉक्स तिसऱ्याचा आणि मध्ये लेथवर केलेली अडॅप्टर प्लेट, अशी मोट बांधतो. 'दोन्ही एसएई २ आहेत, बारा बोल्ट बरोबर बसले' हे खूप ऐकायला मिळतं. एसएई म्हणजे हाउसिंगच्या मापाचा ठरलेला नंबर. एसएई १ हाउसिंगचं भोक ५११.१८ मिमी, एसएई २ चं ४४७.६८ आणि एसएई ३ चं ४०९.५८ मिमी, तिन्हींना बारा बोल्ट. नंबर सारखा असला की दोन वस्तू एकमेकांना जोडल्या जातात, एवढीच खात्री मिळते. ते भोक क्रँकच्या मध्यावर आहे की नाही, हे त्या नंबरात कुठेच लिहिलेलं नसतं.

आणि अडॅप्टर प्लेटचं बोलायचं तर बहुतेक ठिकाणी ती जुन्या पॅकिंगवरून बोल्टची भोकं उतरवून केलेली असते. बोल्टचं भोक बोल्टपेक्षा मोठंच असतं, तितकी ती प्लेट कुठेही सरकून बसू शकते. बोल्टचं काम दाबून धरणं. जागेवर बसवण्याचं काम डॉवेलचं आणि गिअरबॉक्सच्या त्या गोल उठावाचं, जो हाउसिंगच्या भोकात घट्ट बसतो. डॉवेल नसलेली अडॅप्टर प्लेट माझ्या लेखी अर्धवट काम आहे, कितीही जाड लोखंड वापरलेलं असो.

फुटलेली प्लेट फेकू नका

मोजमापाला हात लावण्याआधी काढलेली प्लेट उजेडात नीट बघा. हबभोवतीच्या पत्र्याला गोलाकार तडे गेलेत, रिव्हेट ढिले झालेत, आणि हबच्या आतले स्प्लाइन दोन्ही तोंडांशी जास्त आणि मध्ये कमी झिजलेत, तर रेष चुकली आहे. शाफ्टच्या स्प्लाइनवर बोट फिरवा. प्लेट बसते तिथे नखाला अडणारी पायरी लागली तर तोच पुरावा दुसऱ्या बाजूने मिळाला.

हब मधून सरळ उपटला गेला आहे, लायनिंग मात्र नव्यासारखं आहे, आणि हे गाडी सुरू केल्यावर लगेच झालं, तर कारण वेगळं. गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन प्लेटच्या हबवर लटकलं होतं. हेवी गिअरबॉक्सचं वजन दोन-तीनशे किलो असतं. क्षणभर जरी ते शाफ्टवरून प्लेटवर आलं तरी पत्रा वाकतो. वाकलेली प्लेट डोळ्यांना दिसत नाही, पण क्लच नीट सुटत नाही आणि पहिला गिअर घालताना खरकन आवाज येतो.

तिसरा प्रकार म्हणजे हबमधल्या, धक्के झेलणाऱ्या डँपर स्प्रिंगा तुटून पडतात, बाकी सगळं शाबूत. हे रेषेचं दुखणं नाही, त्याच्याबद्दल शेवटी.

मोजायचं कसं

एक डायल गेज (बारीक फरक काट्यावर दाखवणारं माप) आणि तिला धरणारा कडक स्टँड लागतो. मॅग्नेटचा लांब, डुलणारा दांडा असेल तर त्याचं झुकणंच रीडिंगमध्ये येतं, म्हणून दांडा जमेल तेवढा आखूड आणि जाड ठेवा. गिअरबॉक्स, प्रेशर प्लेट आणि प्लेट काढलेली, फ्लायव्हील जागेवर घट्ट. हाउसिंगचं भोक आणि मागचं तोंड पॉलिश पेपरने चमकेपर्यंत साफ करा. रंगाचा एक थर, गंजाचा फोड किंवा छिन्नीने उठलेली कड रीडिंग बिघडवायला पुरेशी आहे. अशी उठलेली कड मुलायम कानशीने बसवून घ्या.

गेज फ्लायव्हीलवर बसवा आणि तिचं टोक हाउसिंगच्या भोकाच्या आतल्या बाजूला टेकवा. क्रँक पुढच्या पुलीवरून पान्याने फिरवा, सेल्फ मारून नाही. घड्याळाच्या बारा, तीन, सहा आणि नऊ या जागांवर आकडा लिहून घ्या आणि परत बाराला या. बाराला पुन्हा शून्य आलं नाही तर काहीतरी हललं आहे. पहिल्यापासून सुरुवात.

अशा एका गाडीवर मला आलेले आकडे देतो: बाराला ०, तीनला ०.२५, सहाला ०.७०, नऊला ०.४५ मिमी. सगळ्यात आधी बारा आणि सहाची बेरीज करा, मग तीन आणि नऊची. दोन्ही ०.७०. भोक खरंच गोल असेल आणि गेज हलली नसेल तर या दोन बेरजा जुळल्या पाहिजेत. बऱ्यापैकी फरक पडला तर भोक अंडाकृती आहे किंवा मोजणी चुकली आहे, आणि त्या आकड्यांवरून हातोडी उचलायची नाही.

आता अर्थ लावू. गेजचं टोक दाबलं गेलं की आकडा वाढतो, म्हणजे ती बाजू क्रँकच्या मध्याला जास्त जवळ आहे. खालची बाजू ०.७० ने जवळ, म्हणजे हाउसिंग निम्म्याने, ०.३५ मिमी वर बसलं आहे. नऊची बाजू तीनपेक्षा ०.२० ने जवळ, म्हणजे हाउसिंग ०.१० मिमी तीनच्या बाजूला सरकलं आहे. त्याला ०.३५ खाली आणि ०.१० नऊकडे आणायचं. निम्मं करायला विसरलात तर चूक जितकी होती तितकीच उलट बाजूला जाते.

मर्यादा किती? जड ट्रकमध्ये हाउसिंगच्या भोकाला पूर्ण फेऱ्यात ०.२० मिमी, हाउसिंगच्या मागच्या तोंडाला ०.२० आणि फ्लायव्हीलमधल्या पायलट बेअरिंगच्या भोकाला ०.१३ मिमी, असं सर्वसाधारणपणे धरतात. वरच्या गाडीत ०.७० होतं. तिथे कुठलीही प्लेट टिकली नसती.

तोंड मोजताना एक सापळा आहे. क्रँकला पुढे-मागे थोडी चाल असते. फिरवताना क्रँक कधी पुढे कधी मागे सरकला तर ती चालच रीडिंग म्हणून दिसते आणि सरळ हाउसिंग वाकडं ठरतं. म्हणून प्रत्येक जागी क्रँक एकाच दिशेला रेटून धरायचा, मगच आकडा वाचायचा.

पायलटचं भोक मोजायचा लोक कंटाळा करतात. इंजिन बदललेल्या गाडीत तिथे बहुतेक वेळा बुश घालून बेअरिंग बसवलेलं असतं, कारण शाफ्टच्या टोकाला ६३०५ नंबरचं बेअरिंग लागतं आणि फ्लायव्हीलचं भोक तिसऱ्याच मापाचं. ६३०५ आणि ६२०५ दोन्हींचं आतलं माप २५ मिमी, बाहेरचं मात्र ६२ आणि ५२. म्हणून बुश घालण्याचा मोह होतो. बुश घालायला हरकत नाही, पण त्याचं आतलं आणि बाहेरचं माप लेथवर एकाच पकडीत कापलेलं हवं. उलटून दुसऱ्यांदा पकडलं की मध्य गेला.

दुरुस्ती

हाउसिंगचे जुने डॉवेल काढा, बोल्ट हाताने किंचित ढिले करा, आणि तांब्याच्या किंवा लाकडी हातोडीने टकटक करत हाउसिंग हवं तिकडे सरकवा. बोल्ट आवळा, पुन्हा मोजा. आवळताना हाउसिंग परत सरकतं, हे धरूनच चाला. आवळणं आडव्या-तिडव्या क्रमाने आणि टॉर्क पान्याने. पटकन होणारं काम नाही. मदतीला उभा असलेला मुलगा कंटाळतो, त्याला चहा प्यायला पाठवा आणि आपण गेजपाशी थांबा.

आकडा मर्यादेत आला की तिथेच सोडू नका. ब्लॉक आणि हाउसिंग जागेवर असतानाच डॉवेलची भोकं दोन्हीतून एकदम रीमरने थोडी मोठी करा आणि त्या मापाचे नवे डॉवेल ठोका. हे टाळलं तर पुढच्या वेळी हाउसिंग उतरवल्यावर सगळी मेहनत पाण्यात. मध्ये अडॅप्टर प्लेट असेल तर दोन सांधे आहेत, आधी ब्लॉककडचा मोजून पक्का करा, मग गिअरबॉक्सकडचा. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतील या भरवशावर काम करू नये.

मागचं तोंड तिरकं निघालं तर त्याला टकटक उपयोगी नाही. हाउसिंग आणि ब्लॉकमध्ये कचरा, जाड सीलंट किंवा उठलेली कड आहे का ते बघा. तसं काही नसेल तर तोंड मशीनवर घासून घ्यावं लागतं. पॅकिंगच्या पट्ट्या घालून सरळ केलेलं तोंड गरम झाल्यावर पुन्हा तिरकं होतं.

गिअरबॉक्स चढवताना हाउसिंगच्या दोन भोकांत लांब, डोकं कापलेले बोल्ट गाइड म्हणून लावा आणि गिअरबॉक्स त्यांवर सरकवा. वजन शेवटपर्यंत जॅकवर किंवा चेन पुलीवरच. दोन्ही तोंडं हाताच्या जोरावर भिडली पाहिजेत. एक सूत फट राहिली तर बोल्टने ओढून घेऊ नका, एकतर स्प्लाइन अडलेत किंवा शाफ्टचं टोक क्रँकमध्ये तळाला टेकलं आहे. यातलं दुसरं फार महागात पडतं. टेकलेला शाफ्ट क्रँकला सतत पुढे ढकलतो आणि क्रँकची पुढे-मागे चाल रोखणारा थ्रस्ट वॉशर जळतो. म्हणजे नव्या इंजिनाचा क्रँक गेला, आणि दोष जातो इंजिनाला. ओळखायची खूण सोपी आहे. गिअरबॉक्स जोडण्याआधी क्रँकची पुढे-मागे चाल गेजने मोजा आणि जोडून बोल्ट आवळल्यावर पुन्हा मोजा. आकडा तोच आला पाहिजे. कमी झाला तर गिअरबॉक्स लगेच मागे घ्या.

ओढून सुटणारा क्लच असेल, म्हणजे रिलीज बेअरिंग गिअरबॉक्सकडे सरकणारं, तर दोन अंतरं बघा: बेअरिंग आणि क्लच ब्रेक (पेडल पूर्ण दाबल्यावर शाफ्ट थांबवणारी चकती) यांच्यात चार सूत, फोर्क आणि बेअरिंग यांच्यात एक सूत. म्हणजे साधारण १३ आणि ३ मिमी. जुन्या गाडीचं पेडल आणि लिंक तशीच ठेवून नवा क्लच टाकला असेल तर ही अंतरं सहसा चुकलेली असतात, आणि क्लच ब्रेक अकाली जातो.

प्लेट टिकते, पण क्रॉस जातात

क्रॉस म्हणजे प्रॉपेलर शाफ्टच्या टोकांचे सांधे. हा वेगळा आजार, पण त्याच स्वॅपमधून येतो. नवा गिअरबॉक्स लांब असतो, म्हणून प्रॉपेलर शाफ्ट कापून आखूड केला जातो. शाफ्ट आखूड झाला की तेवढीच उंची कमी लांबीत उतरायची, म्हणजे कोन वाढतो. क्रॉस कोनात फिरला की दर फेऱ्याला दोनदा शाफ्टचा वेग कमी-जास्त होतो, आणि कोन दुप्पट झाला की हा चढउतार जवळपास चौपट होतो.

आधी खात्री करा की हादरा तिथलाच आहे. ठरावीक वेगाला हादरा येत असेल तर त्याच वेगाला एक गिअर खाली घेऊन चालवा. आरपीएम बदलूनही हादरा तसाच राहिला तर तो गिअरबॉक्सच्या मागे आहे. आरपीएमबरोबर हललाच तर पुढे, इंजिन-क्लचच्या बाजूला.

मग गाडी सपाट जागी, तिच्या नेहमीच्या लोडवर उभी करा आणि गिअरबॉक्सची मागची फ्लँज, मधला शाफ्ट व डिफरेन्शियलची फ्लँज यांना कोनमापक लावा. दोन्ही क्रॉसचे कोन एकमेकांच्या एक अंशाच्या आत, आणि प्रत्येक शक्यतो तीन अंशांखाली हवा. अगदी शून्यही नको, निदान अर्धा अंश हवा. नाहीतर क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया फिरत नाहीत आणि एकाच जागी खड्डे पाडतात. शाफ्टची दोन्ही टोकांची योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत आहेत का तेही बघा. वेल्डिंगच्या वेळी चुकून फिरवून जोडलेला शाफ्ट कितीही बॅलन्स केला तरी हादरतो.

हाउसिंगचे कान तडकत असतील तर फाउंडेशन, म्हणजे इंजिनाचे आधार, बघा. जुन्या ट्रकची चॅसी खड्ड्यात पिळली जाते, तशी ती पिळली जावी म्हणूनच बनवलेली असते. मूळ इंजिनाला पुढे बहुधा एकच मधला आधार असायचा, म्हणजे चॅसी पिळली तरी इंजिनावर ताण नाही. स्वॅप करताना चार कोपऱ्यांना चार कडक ब्रॅकेट वेल्ड केले की तो पीळ इंजिन आणि हाउसिंगमधून जातो, आणि ओतीव लोखंड किंवा ॲल्युमिनियम वाकत नाही, तडकतं. लांब गिअरबॉक्सला मागे आधार हवाच, पण तो रबरावर, थोडा हलणारा.

इंजिन रबरावर बसवलं की इंजिन आणि चॅसी यांच्यातली अर्थची पट्टी आठवणीने लावा. ती राहिली तर सेल्फचा करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून किंवा गिअरबॉक्सच्या बेअरिंगमधून वाट काढतो. सेल्फ मारताना केबल गरम लागली तर दुसरं काही शोधू नका.

डँपर स्प्रिंगा तुटत असतील तर

इथे रेष बरोबर असते, गिअरिंग चुकलेलं असतं. जुनं इंजिन २८०० आरपीएमला पळायचं, नवं २२०० लाच ताकद संपवतं. टायरचा एक फेरा ३.२ मीटर, डिफरेन्शियल ६.८ चं आणि टॉप गिअर सरळ (१:१) धरला तर २८०० ला ७९ किमी वेग मिळायचा, तो २२०० ला ६२ वर येतो. मालकाला हे पटत नाही, म्हणून ०.७८ च्या आसपास ओव्हरड्राइव्ह (शाफ्टला इंजिनापेक्षा जोरात फिरवणारा गिअर) असलेला गिअरबॉक्स घेतात आणि वेग पुन्हा ७९ वर येतो. इथवर ठीक. पण मग ड्रायव्हर लोड भरलेली गाडी ओव्हरड्राइव्हमध्ये ११०० आरपीएमला चढावर ओढतो, कारण इंजिन ओढतंय. कमी आरपीएमला प्रत्येक सिलिंडरचा धक्का सुटासुटा येतो आणि तो डँपर स्प्रिंगांवर आदळतो. जुन्या इंजिनासाठी केलेल्या प्लेटच्या स्प्रिंगा या धक्क्यांच्या मापाच्या नसतात.

म्हणून प्लेट शाफ्टच्या स्प्लाइनवरून निवडताना तिचा डँपर नव्या इंजिनाच्या टॉर्कला चालणारा आहे का हेही बघून घ्या. पहिल्या गिअरचाही हिशोब करा. ४०० न्यूटन-मीटरचं इंजिन सहा पटीच्या पहिल्या गिअरमधून प्रॉपेलर शाफ्टला २४०० देत होतं; ७०० चं इंजिन नऊ पटीच्या पहिल्या गिअरमधून ६३०० देतं. चाकं घसरली तर वाचाल, लोड भरून कोरड्या चढावर ती घसरत नाहीत. अशा गाडीत स्प्रिंगांपाठोपाठ मागचे ॲक्सल शाफ्ट पिळलेले सापडले तर क्लच पुन्हा उघडण्याआधी मागच्या ॲक्सलचं हाउसिंग तेवढ्या टॉर्कचं आहे का ते तपासा, आणि नसेल तर पहिला गिअर लोडवर वापरायचा नाही हे ड्रायव्हरला स्पष्ट सांगा.